मदत हवी आहे: साताऱ्यातल्या बंद घराला दार-खिडक्यांचे वायरलेस सेन्सर

मंडळी, साताऱ्यात मंगळवार तळ्याजवळ आमचं जुनं घर आहे. मातीच्या दोन फुटी भिंती, पुढचं दार सागवानी, मागचं लोखंडी चौकटीत पत्रा ठोकलेलं. आई-बाबा वर्षातले चार-सहा महिने माझ्याकडे पुण्यात असतात, तेव्हा घराला कुलूप. कॅमेरा आईला नको ("कुणीतरी बघतंय असं वाटतं"), म्हणून मे महिन्यात वायफायवर चालणारे चार डोअर सेन्सर बसवले. दोन दारांना, दोन माडीच्या खिडक्यांना.

पाऊस सुरू झाला आणि वैताग सुरू झाला. पहाटे पावणेतीनला फोनवर ॲपचा इशारा: मागचं दार उघडलं. शेजारच्या काकूंना उठवलं. बिचाऱ्या बॅटरी घेऊन भिजत गेल्या, तर कुलूप जसंच्या तसं. दुसऱ्या रात्री परत तेच. तिसऱ्यांदा काकू म्हणाल्या, "आता खरा चोर आला तरी मी उठायची नाही."

उलट पुढचं दार रविवारपासून ॲपमध्ये 'उघडं' दिसतंय. काकू तुळशीला पाणी घालून दार लावून गेल्या, त्यालाही आता चार दिवस झाले.

सेन्सरच टाकाऊ आहेत, की माझं काही चुकतंय? झिगबीचे (वायफायऐवजी कमी विजेच्या 'झिगबी' रेडिओवर चालणारे) घ्यावेत का? पाच-सहा हजारांपर्यंत तयारी आहे.

प्रतिसाद १:
चुंबक थेट पत्र्यावर चिकटवलंय ना? सेन्सरचे दोन तुकडे: छोट्यात चुंबक, मोठ्या तुकड्यात रीड स्विच असतो, म्हणजे काचेच्या बारीक नळीत दोन पात्या. चुंबक जवळ असलं की चिकटतात, लांब गेलं की सुटतात. लाकडावर साधारण दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत जमतं. लोखंडावर चुंबकाची ओढ पत्र्यातच जिरते आणि पल्ला घटतो. त्यात कडी सैल असेल तर यवतेश्वरकडून वारा आला की दार बोटभर हलणार आणि तुमचा फोन वाजणार. दोन्ही तुकड्यांखाली लाकडी पट्टी घाला. दुहेरी टेपवर पावसाळ्यात विसंबू नका, स्क्रू मारा.

प्रतिसाद २:
पुढच्या दाराचं वेगळं आहे. वायफायचे सेन्सर सेल वाचवायला झोपलेले असतात. दार हललं की जागे होतात, राउटर गाठून निरोप देतात, परत झोपतात. नेमकी तेव्हा लाइट गेलेली असली की 'बंद झालं' हा निरोप हवेतच राहतो. साताऱ्यात पावसात लाइट जाते हे मी सांगायला नको. राउटरला मिनी यूपीएस (लाइट गेल्यावर तो चालू ठेवणारा छोटा बॅटरी-डबा) लावा, अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून.
झिगबीचे सेन्सर सीआर२०३२ या बटणासारख्या सेलवर वर्षभर सहज काढतात, पण हब (त्यांचे निरोप घेऊन इंटरनेटवर पोचवणारा डबा) लागतो. शिवाय तेही वायफायसारखेच २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे तुमच्या भिंती त्यांनाही अडवणार. मधल्या खोलीत झिगबीचा स्मार्ट प्लग ठेवलात तर तो निरोप पुढं पोचवतो (लाइट गेली की तोही गप्प). सेलवरचे सेन्सर एकमेकांचे निरोप नेत नाहीत, हे दुकानदार सांगत नाही.

प्रतिसाद ३:
माडीच्या खिडकीची काच फोडून, गज कापून कुणी आत आला, तर झडप हलणार नाही आणि सेन्सरला पत्ता लागणार नाही. जिन्यात एक मोशन सेन्सर (माणसाची हालचाल टिपणारा) टाकाच.

धागाकर्ता:
शनिवारी जाऊन आलो. मागचं दार कडी लावून हलवलं आणि मोजपट्टी धरली: दाबलं तर सेन्सर-चुंबकातली फट १४ मिलिमीटर, ओढलं तर २२! जुन्या फळीचे दोन तुकडे कापून वर सेन्सर स्क्रूनं बसवला, कडी बदलली. आता फट सहाच्या वर जात नाही. आठवडाभर रात्रीचा एकही फोन नाही. पुढचं सागवानी दार सध्या फुगून घट्ट बसतंय, उन्हाळ्यात आक्रसलं की तिथंही मोजपट्टी धरावी लागेल.

झिगबी तूर्त थांबवतोय, मोशन सेन्सर घेतोय. पण पुढंमागं हब आणलाच तर एक अडचण आहे: राउटर १२ व्होल्टचा, बघून ठेवलेला हब ५चा. दोन्ही एकाच मिनी यूपीएसवर कुणी चालवलेत का? लाइट गेल्यावर किती तास निघतात?