फॉक्सच्या जर्नलला कात्री लागलीच नाही?

पानवाचक: परवा इथे कुणीतरी लिहिलं की क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स, त्याचं जर्नल म्हणजे मनातलं जसंच्या तसं कागदावर. वाचून डोकंच फिरलं. अहो, 1691 ला फॉक्स गेला, 1694 ला पुस्तक आलं, मधे त्याचा क्वेकर साथी एलवुडने संपादक म्हणून हस्तलिखितावर हात फिरवला. इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेल याला दिलेल्या कागदात फॉक्स स्वतःला देवाचा पुत्र म्हणतो, ते शब्द गाळले. आणि 1656 ला नेलर, दुसरा क्वेकर पुढारी, येशू जेरुसलेममध्ये शिरला तसा ब्रिस्टलमध्ये घोड्यावरून शिरला, सोबतचे लोक 'पवित्र, पवित्र' गात होते, तर पार्लमेंटने त्याला 310 फटके, जिभेतून तापलेली सळई आणि कपाळावर डाग दिला. दोघांची भाषा तीच, मग एकाची संपादकाने झाकायची आणि दुसऱ्याला भरकटलेला ठरवायचं?

जुनीबखर: इतकं तापू नका. एलवुड स्वतः तुरुंग भोगून आलेला. 1689 च्या धार्मिक सहिष्णुतेच्या कायद्याने क्वेकरांना जेमतेम श्वास मिळाला होता, तेव्हा तसं छापणं म्हणजे विरोधकांच्या हातात आयतं कोलीत.

पानवाचक: आजोबांची रोजनिशी काकांनी टाइप केली तेव्हा आत्याच्या लग्नाच्या भांडणाची पानंच गेली. कारण हेच, घराण्याचं नाव. आत्याला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

जुनीबखर: तुमच्या काकांना कुणी तुरुंगात टाकणार नव्हतं!

चंद्रकोर: आत्यावरून आठवलं, नेलरची अनुयायी मार्था सिमन्ड्स, तिच्याबद्दल कुणीच का बोलत नाही? नेलर घसरला की लगेच 'त्या बाईने भुरळ घातली'. बाई स्वतः पत्रकं लिहायची, भाऊ जाइल्स कॅल्व्हर्ट क्वेकरांची पुस्तकं काढायचा, तिला स्वतःचं डोकं होतं. आमच्या घरातही मामाने धंदा बुडवला आणि बोल लागला मामीला.

जुनीबखर: क्वेकर पुढारी मार्गारेट फेलने 1666 ला तुरुंगातून बायकांच्या बोलण्याच्या हक्कासाठी लिहिलं, ते कुठे गेलं?

चंद्रकोर: फेलचं नाव पुढे केलं की मार्थाचा हिशेब मिटतो का? फेल तर तेव्हा फॉक्सच्याच बाजूने होती.

जुनीबखर: बरं, मार्थावर अन्याय झाला, मान्य. पण नेलरला पुसून टाकलं म्हणू नका, त्याचं लिखाण 1716 ला व्हाइटहेड या क्वेकरानेच छापलंय.

पानवाचक: मेल्यानंतर 56 वर्षांनी! आणि फॉक्सचं मूळ हस्तलिखित केंब्रिजने छापलं ते 1911 ला. एक्सेटरला तुरुंगवासात असताना नेलर फॉक्सचं चुंबन घ्यायला आला तेव्हा फॉक्सने पाय पुढे केला, ते तिथे आहे. आधी ते पान वाचा, मग कात्रीबद्दल बोला.