डायलिसिस चालू आहे: डी कमी, बी१२ जास्त. कुठली गोळी द्यावी?

वऱ्हाडी_पाहुणा: आई, वय ६१. हिमोडायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. रिपोर्ट: व्हिटॅमिन डी १४, बी१२ १४०० च्या वर, कॅल्शियम ९.१, फॉस्फरस ५.८, पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) ४२०. कॅल्सिट्रिऑल ०.२५ रोज चालू असून डी एवढं कमी कसं? आणि अशक्तपणासाठी मेडिकलवाल्याने ‘ए टू झेड’वाली मल्टिव्हिटॅमिन दिलीय, ती चालेल का?

कडुनिंब: कॅल्सिट्रिऑलने हा आकडा वाढतच नाही. लॅब मोजते ते २५-हायड्रॉक्सी डी, म्हणजे शरीरातला साठा. त्याचं कामाचं रूप किडनी बनवते. ते बनत नाही म्हणून कॅल्सिट्रिऑल तयारच देतात. साठा भरायला कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे ६०,००० युनिटचं सॅशे. पण फॉस्फरस आधीच जास्त आहे, ५.८, आणि डीने तो आणखी चढू शकतो, तेव्हा सॅशे किती आठवडे हे नेफ्रॉलॉजिस्टनाच (किडनीच्या डॉक्टरांना) ठरवू द्या. दोन्ही चालू असताना कॅल्शियम-फॉस्फरस वरचेवर तपासावं लागतं.

बी१२ चं म्हणाल तर, नसांचं इंजेक्शन (त्यात बी१२ असतं) चालू होतं का? असेल तर १४०० नवल नाही.

फिल्टरकाकू: ती मल्टिव्हिटॅमिन परत करा. तिच्यात व्हिटॅमिन ए असतं. रक्तात ते प्रथिनाला चिकटलेलं असल्यामुळे डायलायझरमधून (मशीनच्या गाळणीतून) जात नाही, किडनीही काढत नाही. साचलं की हाडं दुखतात, कातडी कोरडी पडते, कॅल्शियम चढतं.

धुऊन जातात ती पाण्यात विरघळणारी: बी१, बी६, फॉलिक ॲसिड, सी. त्यातच पोटॅशियमसाठी आपण भाजी चिरून भिजवतो, उकळून पाणी ओततो, त्या पाण्याबरोबरही हीच जातात. (म्हणून भिजवणं सोडू नका, पोटॅशियम जास्त घातक.) किडनीच्या रुग्णांसाठी वेगळी गोळी मिळते: साधारण फॉलिक ॲसिड १ मिग्रॅ, बी६ १० मिग्रॅ, सी ६० ते १०० मिग्रॅ, ए अजिबात नाही. डायलिसिसच्या दिवशी ती मशीनवरून उतरल्यावर द्यायची. आधी दिली तर बरीचशी मशीनच पिऊन टाकतं.

आणि व्हिटॅमिन सी ची ५०० मिग्रॅची चघळायची संत्र्याची गोळी घरात असेल तर लपवा. जादा सी चं ऑक्झलेट होतं, ते बाहेर पडायला वाट नसते, मग सांध्यांत, हृदयात साचतं.

वऱ्हाडी_पाहुणा: धन्यवाद. इंजेक्शन चालू होतं, दोन महिने. केस गळतात म्हणून बायोटिन १० मिग्रॅ पण घेते, ते तरी चालेल ना?

कडुनिंब: हे आधी सांगायचं! बऱ्याच लॅबची पीटीएचची तपासणी बायोटिनवरच चालते; रक्तात जादा बायोटिन असलं की आकडा खोटा कमी येतो. किडनी काम करत नसल्यामुळे ते उतरायलाही वेळ लागतो, एक-दोन दिवस बंद ठेवून भागत नाही. तुमचं ४२० प्रत्यक्षात त्याहून जास्त असू शकतं, आणि कॅल्सिट्रिऑलचा डोस त्यावरच ठरतो. डॉक्टरांना बायोटिनचं सांगा, लॅबला त्यांच्या पद्धतीत ते आड येतं का विचारा, आणि पुढचं रक्त डायलिसिस सुरू होण्याआधी, हेपरिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते) देण्यापूर्वी काढायला सांगा.

फिल्टरकाकू: थायरॉइडची टीएसएचही त्याच वेळी केली होती का? बायोटिनने तीही खोटी कमी येते.