मदत हवी आहे : ऑस्टिन सेव्हन गरम झाली की बंद पडते

गाडी १९२६ ची ऑस्टिन सेव्हन टूरर, ७४७ सीसी, मॅग्नेटोवाली (मॅग्नेटो म्हणजे इंजिनाने फिरून, बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारं यंत्र). मी बर्मिंगहॅमला असतो. थंड इंजिन अर्ध्या हँडलला सुरू होतं, पण वीसेक मिनिटांनी धडधडत बंद पडतं. अर्धा तास थांबलं की पुन्हा अगदी सुरळीत.

टाकी बॉनेटखालीच आहे, पेट्रोल उतारानेच येतं, म्हणजे पंपाचा प्रश्न नाही. झाकणाचं भोक मोकळं आहे. पाइप, कार्ब्युरेटर साफ केले, प्लग नवे घातले, मॅग्नेटोचे पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) घासून गॅप लावला. रेडिएटर उकळत नाही.

बंद पडल्या पडल्या प्लग काढून हेडवर टेकवला आणि हँडल मारलं. ठिणगी बारीक, पिवळट. थंड असताना हीच ठिणगी निळी, टणत्कार करणारी असते. म्हणून संशय मॅग्नेटोवर आहे. एका गॅरेजवाल्याने न उघडताच आर्मेचर (मॅग्नेटोतला तारा गुंडाळलेला फिरता भाग) पूर्ण रिवाइंड करायला, म्हणजे तारा नव्याने गुंडाळायला सांगितलं, आणि तो खर्च मोठा आहे. मॅग्नेटोऐवजी बॅटरीवर चालणारं कॉइल इग्निशन बसवायचं नाही. गाडी मूळ रूपातच राहायला हवी, ही माझी अट आहे.

फक्त कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा भाग) गेलाय की वाइंडिंगही (तारांचे वेढे), हे आर्मेचर बाहेर पाठवण्याआधी घरच्या घरी कसं ओळखायचं?