मदत हवी आहे: चालू ट्रान्सफॉर्मर वाय-एन-डी-११, भाड्यानं आणलेला वाय-एन-डी-१. फेज सिक्वेन्स जुळला की काम झालं का?

नमस्कार मंडळी,

गोदाकाठच्या एका साखर कारखान्यात को-जनच्या (कारखान्यातल्या वीजनिर्मितीच्या) इलेक्ट्रिकलला आहे. कारखान्याचं नाव टाकत नाही. गाळप तोंडावर आलंय, त्यामुळं घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्याकडं १२ मेगावॉटचा टर्बो-जनरेटर ११ केव्ही बसवर (सगळं जिथं जोडलं जातं त्या सामायिक पट्टीवर) आहे. त्या बसवरून १० एमव्हीएचे दोन ११/३३ केव्ही ट्रान्सफॉर्मर पॅरललमध्ये चालतात आणि ३३ च्या लाइननं वीज बाहेर जाते. ऑफ-सीझनला त्याच वाटेनं ग्रिडची वीज आत येते. दोन नंबरचा ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगमध्ये गेला. तो दुरुस्त होऊन येईस्तोवर हंगाम उलटेल, म्हणून एका बंद कारखान्यातून तेवढ्याच एमव्हीएचा भाड्यानं आणला. तेलाची बीडीव्ही (तेल किती व्होल्ट सोसतं ते), मेगर (इन्सुलेशनची तपासणी), रेशो सगळं ठीक आलं. इम्पीडन्सही (करंटला आतून होणारा अडथळा) जुळतो, चालू असलेला १०.१ टक्के आणि हा ९.८.

घोडं अडलंय नेमप्लेटवर. चालू असलेला वाय-एन-डी-११, हा वाय-एन-डी-१. म्हणजे व्हेक्टर ग्रुप वेगळा: दोन बाजूंच्या व्होल्टेजमधला कोन घड्याळाच्या तासानं सांगायची ही खूण, एक तास म्हणजे ३० अंश. त्यात ह्याच्या एलव्हीच्या (११ च्या बाजूच्या) केबल बॉक्समध्ये बुशिंगचा (केबल जोडायच्या टोकांचा) क्रम आमच्या उलट. १यू-१व्ही-१डब्ल्यू ही ३३ ची टोकं, २यू-२व्ही-२डब्ल्यू ही ११ ची. आर फेजची केबल सरळ नेली तर २डब्ल्यूवर जाते, बी फेजची २यूवर. वाय मधोमध, तिचा प्रश्न नाही.

ठेकेदार म्हणायलेत, "केबल पोचतील तशा लावा. सिक्वेन्स मीटर लावून बघू, उलटा आला तर ३३ च्या कोणत्याबी दोन जम्परांची (जोडतारांची) अदलाबदल करू. एका दिवसाचं काम." माझ्या मनाला ते पटत नाही, पण नेमकं कुठं चुकतंय तेही बोट ठेवून सांगता येत नाही. ज्यांनी असं काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं. वाय-एन-डी-१ ला ११ सोबत चालवता येतं का, आणि बस जोडण्याआधी खात्री कशी करायची?

पोलवरचा_पाहुणा:
सिक्वेन्स मीटरची चकती सरळ फिरली की चार्ज करा भाऊ, एवढं काय. मोटार उलटी फिरली तर दोन फेज बदलतो, तसंच हे.

जुना_थर्मलवाला:
पाहुणे, मोटारीला एकाच बाजूनं सप्लाय असतो. इथं दोन्हीकडं जिवंत बस आहे. तुमचा सल्ला ऐकला तर ब्रेकर लावायला माणूस लांबूनच पाठवावा लागेल.

मूळ प्रश्नकर्त्या दादा, तुमचं मन बरोबर सांगतंय. सिक्वेन्स म्हणजे आर, वाय, बी कोणत्या क्रमानं येतात, एवढंच. नवीन ट्रान्सफॉर्मरचा आर जुन्याच्या आरसोबत त्याच क्षणाला शिखरावर येतो का, हे तुमचा मीटर सांगत नाही. डी-११ मध्ये एलव्ही एचव्हीच्या (३३ च्या बाजूच्या) ३० अंश पुढं, डी-१ मध्ये ३० अंश मागं. दोघांत ६० अंशांचं अंतर. ६० अंशांवर दोन सारख्या व्होल्टेजचा फरक पूर्ण फेज व्होल्टेजएवढाच येतो. तुमचे दोन्ही इम्पीडन्स मिळून साधारण २० टक्के, म्हणजे ब्रेकर लागताक्षणी फुल लोडच्या पाचपट करंट नुसता ह्यातून त्यात फिरणार. ११ केव्हीला तुमचा फुल लोड ५२५ अँपिअर, आता गुणाकार करा.

डी-१ ला डी-११ सारखं वागवता येतं. दोन्ही बाजूंना त्याच दोन फेजांची अदलाबदल करायची. एलव्हीला आर २डब्ल्यूवर आणि बी २यूवर लावला, तर एचव्हीलाही आर १डब्ल्यूवर आणि बी १यूवर. ट्रान्सफॉर्मरला आतून सिक्वेन्स उलटा दिसतो, त्यामुळं मागं पडणारे ३० अंश पुढं जातात, आणि बाहेर पुन्हा आर-वाय-बी सरळ मिळतो. तुमच्या केबल बॉक्सचा उलटा क्रम म्हणजे आयतीच सोय झाली, अर्धं काम तिथंच झालंय.

आता ठेकेदाराचं "कोणत्याबी दोन जम्परांची". एलव्हीला आर-बी बदललं असताना ३३ ला दोन जम्पर बदलायच्या तीन जोड्या होतात. तिन्हीत सिक्वेन्स मीटर सरळच फिरेल. पण ११ फक्त आर-बीच्या जोडीत येतो, बाकी दोन्हीत घड्याळ ३ किंवा ७ वर जातं. तिथं १२० अंशांचा फरक, म्हणजे पाचपट नाही, आठपटीच्या वर. आणि फेज नुसते गोल फिरवून, म्हणजे आरच्या जागी वाय, वायच्या जागी बी असं करूनही ११ येत नाही. त्यानं चार-चार तास सरकतात, १ चे ५ किंवा ९ होतात.

रिले_आणि_चहा:
वरच्या सगळ्याला दुजोरा. फक्त नेमप्लेटवर विश्वास टाकू नका. भाड्याचा ट्रान्सफॉर्मर कधी रिवाइंड झालेला असला तर पाटी जुनीच राहते. केबल लावायच्या आधी ४१५ व्होल्टवर व्हेक्टर ग्रुप तपासा. सप्लाय एचव्हीलाच द्यायचा. चुकून एलव्हीला दिला तर ३३ च्या बुशिंगवर १२४५ व्होल्ट उभे राहतात आणि वर मीटर धरलेला पोरगा असतो.

टॅप (रेशो कमी-जास्त करायची सोय) नॉर्मलवर ठेवा. १यू आणि २यू वायरनं जोडा, १यू-१व्ही-१डब्ल्यूला थ्री फेज द्या. मग चार रीडिंग घ्या: १व्ही-२व्ही, १व्ही-२डब्ल्यू, १डब्ल्यू-२व्ही, १डब्ल्यू-२डब्ल्यू. ३३/११ ला तीन रीडिंग ३०३ च्या आसपास आणि एक ४३७ येईल. ते मोठं रीडिंग १डब्ल्यू-२व्ही मध्ये असेल तर डी-११, १व्ही-२डब्ल्यू मध्ये असेल तर डी-१. सप्लाय अगदी ४१५ नसेल तर आकडे त्या प्रमाणात हलतील, पण मोठा कुठं आला तेवढंच बघायचं.

गोदाकाठ (मूळ प्रश्न):
थर्मलवाले काका, रिलेवाले साहेब, लई आभार. आज सकाळीच टेस्ट केली. सप्लाय ४१८ होता. १व्ही-२डब्ल्यू मध्ये ४४०, बाकी तिन्ही ३०५ च्या आगेमागे. म्हणजे पाटी खरी आहे, डी-१ च. ठेकेदाराला कागदावर घड्याळ काढून दाखवलं. आधी फुगले, मग आर-बीच बदलतो म्हणाले.

आता बस जोडण्याआधीची तपासणी सांगा. ११ च्या इनकमरला (ट्रान्सफॉर्मर बसला जोडणाऱ्या पॅनलला) ब्रेकरच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या बाजूला पीटी (व्होल्टेज मोजायचा छोटा ट्रान्सफॉर्मर) आहे, बसला वेगळी पीटी आहे. सिंक्रोस्कोप (दोन सप्लाय एका ताळात आहेत का ते काट्यानं दाखवणारं मीटर) फक्त जनरेटर ब्रेकरवर आहे.

जुना_थर्मलवाला:
सिंक्रोस्कोपचा इथं उपयोग नाही, आणि असता तरी तो बहुतेक एकाच फेजच्या जोडीवर चालतो. सिक्वेन्स उलटा असला तरी काटा बाराला येऊन थांबलेला दिसतो. चेक-सिंक रिलेचंही (ताळ जुळल्याशिवाय ब्रेकर लागू न देणाऱ्या) बऱ्याचदा तेच.

विद्युत निरीक्षकांची परवानगी हातात आली की नवीन ट्रान्सफॉर्मर ३३ कडून चार्ज करा, ११ चा इनकमर उघडाच ठेवा. तोवर बस जुन्या ट्रान्सफॉर्मरवर चालू असू द्या. मग दोन्ही पीटींच्या सेकंडरीत एकमेकांविरुद्ध नऊ रीडिंग घ्या. आर-आर, वाय-वाय, बी-बी शून्याच्या जवळ आणि बाकी सहा ११० आले तरच पुढं जायचं. डी-१ सरळ जोडला असता तर नऊपैकी एकही शून्य आलं नसतं, सगळी ६३ किंवा १२७. चुकीचे जम्पर बदलले असते तर शून्य सापडलं असतं, पण आर आणि वाय, असल्या परक्या जोडीत.

दोन्ही पीटींचे न्यूट्रल एकाच अर्थिंगला आहेत ना, ते आधी बघा. काही पॅनलमध्ये सेकंडरीचा वाय फेज अर्थ केलेला असतो. दोन्ही तशा असतील तर वाय-वाय कायम शून्यच दाखवेल, ते रीडिंग जमेत धरू नका.

रिले_आणि_चहा:
डिफरेन्शियलचे (दोन्ही बाजूंचा करंट ताडून फरक दिसला की ट्रिप करणाऱ्या रिलेचे) सीटी (करंट मोजायचे ट्रान्सफॉर्मर) कुठं आहेत?

गोदाकाठ (मूळ प्रश्न):
एलव्हीचे ११ च्या पॅनलमध्ये. एचव्हीचे ह्या ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगमध्येच आहेत, जुन्यालाही तसंच होतं.

रिले_आणि_चहा:
मग तिथं अडकाल. पॅनलमधल्या सीटीला तुमचा खरा आर दिसतो, पण १यूच्या बुशिंगमधून आता बी वाहणार. एचव्ही सीटीच्या आर आणि बीच्या वायरा मार्शलिंग बॉक्समध्ये (ट्रान्सफॉर्मरच्या वायरा एकत्र येतात त्या पेटीत) अदलाबदल करा आणि रिलेत व्हेक्टर ग्रुप वाय-एन-डी-११ च राहू द्या. पाटी बघून कुणी तिथं १ भरला तर थोडा लोड आला की ट्रिप मिळेल. पोलॅरिटीला हात लावू नका. आरईएफला (ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या अर्थ फॉल्टच्या संरक्षणाला) ह्या अदलाबदलीनं फरक पडत नाही, तिथं तिन्हींची बेरीजच जाते.

बस जोडली की आधी दहा-वीस टक्के लोडवर रिलेच्या स्क्रीनवर तिन्ही फेजचा डिफरेन्शियल करंट बघा. तो जवळपास शून्य असेल तरच लोड वाढवा. आणि मार्शलिंग बॉक्सच्या दारावर आतून मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा की आर-बी बदललेले आहेत. पुढच्या हंगामात हा ट्रान्सफॉर्मर परत जाईल, तुमचा दुरुस्त होऊन येईल, तेव्हा जम्पर सरळ करताना ह्या वायरा मूळ जागी लावायचं कुणाच्या लक्षात राहणार नाही.