जुनी आयपीए बिअर पुठ्ठ्यासारखी का लागते? आणि मग स्टाउट कसा काय मुरवतात?

कोथरूडकर_८७
मंडळी, एक विचारायचं होतं. धाकटा भाऊ एप्रिलमधे पोर्टलंडहून आला तेव्हा आयपीएचे चार कॅन आणि इम्पिरियल स्टाउटची, म्हणजे काळ्या कडक बिअरची, एक बाटली घेऊन आला. दोन कॅन आम्ही त्याच रात्री प्यायलो, काय सांगू, संत्र्याची साल नखाने सोलावी तसा वास खोलीभर. उरलेले दोन वाढदिवसाला म्हणून माळ्यावर ठेवले, परवा फोडले तर तो वास साफ गेलेला, नुसता गोडसर, आणि घोट गिळल्यावर तोंडात पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याची चव. कॅन फुगलेला नव्हता, गळतही नव्हता. खराब झाली का? आणि भाऊ म्हणतो स्टाउट मात्र दोन वर्षं ठेव, अजून छान होईल. एकाच गोष्टीचे दोन नियम कसे?

नळावरचा
खराब म्हणजे आजारी पडाल अशी नाही, पण बिअर म्हणून संपली ती. मी तीन वर्षं पुण्यात टॅपरूमवर काम केलंय, हा प्रश्न रोज यायचा. आयपीएचा जीव हॉप्सच्या, म्हणजे बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, सुगंधी तेलात असतो आणि ती तेलं सगळ्यात आधी जातात, मग कडवटपणा उतरतो, मग खालचा माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा एकटाच वर येतो. भरताना कॅनमधे जो थोडासा ऑक्सिजन राहतो तो आत शांतपणे काम करत असतो. पुठ्ठ्याची चव म्हणजे ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं रसायन, अगदी कणभर असलं तरी जिभेला कळतं. आता माळ्याचं गणित बघा, दर १० अंशाला हे सगळं साधारण दुप्पट वेगाने होतं, म्हणजे फ्रीजमधल्या ४ अंशापेक्षा ३४ अंशाला जवळजवळ आठपट. मे महिन्यात माळ्यावर काढलेला एक महिना म्हणजे फ्रीजमधले आठ महिने झाले की! आयपीए आणलीत की थेट फ्रीज, आणि भरल्यापासून तीन महिन्यांच्या आत प्या, त्याहून लवकर तर उत्तमच. कॅन होता म्हणून उजेडापासून तरी वाचली, हिरव्या बाटलीतली बिअर उन्हात ठेवली तर काही मिनिटांत घाण गंधकासारखा वास मारायला लागते.

ब्रुसेल्सवासी_मराठी
भावाचं बरोबर आहे दादा. लोणचं मुरतं, कोशिंबीर मुरत नाही, तसंच हे. इम्पिरियल स्टाउटमधे अल्कोहोल बहुतेक वेळा ९-१० टक्क्यांच्या पुढे, भाजलेला माल्ट भरपूर, त्यामुळे तोच ऑक्सिजन तिथे खजूर, मनुका, शेरीसारखी चव आणतो आणि अल्कोहोलचा चटकाही मऊ होतो. इथे बेल्जियममधे ऑर्व्हाल नावाची मठात बनणारी बिअर मिळते, ६.२ टक्क्यांची, तिच्या लेबलवर बाटली भरल्याची तारीखच छापलेली असते. ताजी असताना हॉप्सचा चांगला दरवळ, पण बाटलीत ब्रेटानोमायसिस नावाचं जंगली यीस्ट घातलेलं असतं ते हळूहळू उरलेली साखर खात जातं आणि सहा-आठ महिन्यांनी तीच बिअर कोरडी, थोडी चामड्याच्या वासाची होते. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून प्यायलोय, एकाच मठातली आहे यावर विश्वास बसत नाही. गझ नावाच्या इथल्या आंबट बिअरमधे तर एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचं (हवेतल्या जंगली यीस्टने आंबवलेल्या बिअरचं) मिश्रणच करतात.

नळावरचा
हे पटलं पण एक सांगतो, मुरवायच्या नादात चांगल्या स्टाउटची माती केलेले लोक खूप पाहिलेत. फार ठेवली की सोया सॉस लागतो, आणि कॉफी घातलेली असेल तर कॉफीचा वास आधी जातो आणि कधीकधी हिरव्या मिरचीसारखी चव मागे राहते. तुमच्याकडे एकच बाटली आहे तर वर्षाच्या पुढे ताणू नका. उभी ठेवा, आडवी नको, अंधारात, १२-१३ अंश जमत नसेल तर सरळ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. आणि त्या आयपीएच्या कॅनचं बूड बघा, तारीख असेल.

कोथरूडकर_८७
आत्ता बघून आलो. बुडावर बारीक अक्षरात १४ जानेवारी. म्हणजे भावाने घेतली तेव्हाच तीन महिने झाले होते आणि वर माझे चार, त्यातला अख्खा मे माळ्यावर. स्टाउट फ्रीजमधे भाजीच्या कप्प्याशेजारी उभी केलीये, बायकोला सांगितलंय हलवू नको. भाऊ डिसेंबरात परत येतोय, तेव्हा दोघं मिळून फोडू, कशी निघाली ते इथेच लिहितो.