मदत हवी आहे: दुसऱ्या बाळासाठी किती थांबायचं?

चिमणीचं_घर:
नमस्कार, पटकन सांगा प्लीज. पहिल्या आणि दुसऱ्या मुलात किती अंतर बरं? सासूबाई म्हणतात लगेच उरकून घ्या, आई म्हणते पाच वर्षं नाव काढू नकोस, आणि नवरा म्हणतो तू ठरवशील तसं, म्हणजे त्याचा तर काहीच उपयोग नाही. डॉक्टरकडे दोन तास बसा आणि आत दोन मिनिटं. रविवारी सासूबाई येतायत, काहीतरी उत्तर द्यायचंय. गुगल कर म्हणू नका, केलंय.

तळ्यातमळ्यात:
वय काय तुझं? पहिलं केवढं आहे? नॉर्मल की सिझर? हे न सांगता कोण काय सांगणार.

अण्णा_डोंबिवलीकर:
आम्ही पाच भावंडं, दीड-दीड वर्षाच्या अंतराने, सगळी ठणठणीत. हल्ली विचारच फार करतात.

तळ्यातमळ्यात:
अण्णा, आईंची तब्येत कशी होती तेही लिहा की.

अण्णा_डोंबिवलीकर:
कंबर धरलेली असायची कायम. पण ते तेव्हा सगळ्याच बायकांचं.

रेवाकाठ:
माझ्या दोघांत पावणेदोन वर्षं. सुरुवातीचं काही आठवतच नाही इतकी झोप मोडली, पण आता दोघं एकमेकांत रमतात आणि मी निवांत चहा पिते. कपडे, पाळणा, सगळं परत वापरलं. उरकून टाक गं.

बिनसाखरेचा_चहा:
असे सरसकट सल्ले देऊ नका हो. डब्ल्यूएचओ दोन वर्षं थांबा म्हणतं.

रेवाकाठ:
मग माझं जवळपास तेवढंच झालं की!

बिनसाखरेचा_चहा:
नाही झालं. ती दोन वर्षं बाळंतपणापासून पुढचे दिवस जाईपर्यंतची. त्यात नऊ महिने मिळवा, म्हणजे मुलांत पावणेतीन वर्षं. तुम्हाला पहिलं वर्षाचं असतानाच राहिलंय. सगळे इथेच घोळ घालतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना जरा सैल आहे, सहा महिन्यांच्या आत नकोच आणि दीड वर्षाच्या आत असेल तर धोके समजून मग ठरवा. लवकर राहिलं तर बाळ वेळेआधी होणं, वजन कमी भरणं याची शक्यता वाढते, आणि आईचं लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड भरून यायलाही वेळ लागतो.

हळदीकुंकू_७:
दुसरी मुलगी झाली तर मातृवंदना योजनेत ६००० मिळतात, पात्रतेच्या अटी आहेत. अंगणवाडीत विचार.

चिमणीचं_घर:
अहो पैशांचं कुठे विचारलंय मी 🙄 बरं, वय ३४, मुलगी १४ महिन्यांची, सिझर. आयटीत आहे. झालं?

बिनसाखरेचा_चहा:
सिझर आधी सांगायचं ना ताई! सिझर आणि पुढची डिलिव्हरी यात दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल आणि नॉर्मलचा प्रयत्न केला तर आतला व्रण उसवायचा धोका वाढतो. तू आत्ता ठरवलंस तरी ती वेळ टळलेलीच आहे, त्यामुळे घाबरू नकोस. पण सिझर का झालं होतं?

अण्णा_डोंबिवलीकर:
३४ म्हणजे आधीच उशीर. पस्तिशी ओलांडली की संपलं.

तळ्यातमळ्यात:
काय संपलं अण्णा? माझी धाकटी मला ३७ व्या वर्षी झाली. वयाने अवघड होत जातं हे खरं, पण पस्तिसाव्या वाढदिवसाला कोणी दार बंद करत नाही. उलट कॅनडातल्या २०१८ च्या एका अभ्यासात पस्तिशीपुढच्या आयांनाच घाईत राहिलं तर गंभीर त्रासाचा धोका जास्त दिसला, आणि वर्ष ते दीड वर्ष थांबणं बरं निघालं.

अण्णा_डोंबिवलीकर:
रजेचं बघा पण. दुसऱ्याला फक्त १२ आठवडे मिळतात.

रेवाकाठ:
चूक. १२ तिसऱ्यापासून. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन्ही वेळेस २६ आठवडे. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं, मध्ये बिनपगारी रजा किंवा नोकरी बदल असेल तर मोजून घे.

चिमणीचं_घर:
हे मस्त, एचआरने इतकं धड कधी सांगितलं नाही. तसंही अजून अंगावर पाजतेय त्यामुळे घाई नाही, काही वापरतही नाही आम्ही.

तळ्यातमळ्यात:
थांब थांब. पाळी सुरू झालीय का??

चिमणीचं_घर:
हो, पण कधी येते कधी नाही. या वेळची लांबलीय.

बिनसाखरेचा_चहा:
अगं बाई! अंगावर पाजल्याने दिवस राहत नाहीत ते पहिले सहा महिने, तेही पाळी आलेली नसताना आणि बाळ फक्त आईच्या दुधावर असताना. १४ महिन्यांच्या पोरीला वरचं अन्न सुरू आहे ना? आधी मेडिकलमधून किट आण, मग अंतराच्या गप्पा.

हळदीकुंकू_७:
सरकारी दवाखान्यात दिवस राहू नयेत म्हणून 'अंतरा' नावाचं इंजेक्शन फुकट मिळतं, तीन महिन्यांतून एकदा.

तळ्यातमळ्यात:
हिला नको ते, सोडल्यावर परत दिवस जायला बरेच महिने लागू शकतात आणि हिला वर्षाभरात हवं असेल तर? तांबी बरी, काढली की मोकळी. अर्थात डॉक्टरला विचारून.

चिमणीचं_घर:
निगेटिव्ह!! हुश्श. मग घरी काय सांगू ते कोणीच सांगितलं नाही.

बिनसाखरेचा_चहा:
सांग की पोरगी दोन वर्षांची झाली की बघू. आठवड्यात पाळी आली नाही तर परत टेस्ट कर. दुसऱ्याचं ठरवण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घे, आणि ठरलं की महिनाभर आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड. सिझर का झालं ते अजून सांगितलं नाहीस.

अण्णा_डोंबिवलीकर:
अवांतर: रेवाकाठ ताई, दोघांना सांभाळणारं चांगलं पाळणाघर डोंबिवलीत माहितीय का? सूनबाईंसाठी हवंय. व्यनि (खाजगी निरोप) करा.