नागपुरातले बेघर निवारे मनपानं एकट्यानं चालवावे की सामाजिक संस्थांना सोबत घेऊन?

बर्डीकर
काल रात्री अकराच्या सुमारास मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, गेटसमोरून आलो, फुटपाथवर ओळीनं माणसं झोपलेली. काही बेघर, काही पेशंटचे नातेवाईक, गडचिरोली, बालाघाटकडून आलेले. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाचा नियम होता की दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायम निवाऱ्यात सोय, एका निवाऱ्यात ५० ते १०० जण, आणि तो चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत आपण २४ लाख होतो, म्हणजे शंभर जणांचे धरले तरी किमान २४ निवारे पाहिजे होते, आहेत का तेवढे? माझं म्हणणं एवढंच की संस्थांना ठेकेदारासारखं वागवणं बंद करा. जागा, पाणी, वीज, दवाखाना, पोलीस हे सरकारनं बघावं, रात्री फिरून माणूस हुडकणं आणि त्याचा विश्वास मिळवणं संस्थेनं, आणि महिन्यातून एकदा दोघांनी एका टेबलावर बसून एकेका माणसाचं काय झालं ते बघावं.

इतवारीचा
भाऊ, काहून संस्था पाहिजे? सरकारचं काम सरकारनंच करावं ना. संस्था बदलली की रजिस्टर गेलं, ओळखी गेल्या, एखाद्या म्हाताऱ्याचं आधार कार्ड कुठवर आलं होतं हे नव्या माणसाला माहीतच नसते. आणि पैसे खाटा मोजून मिळणार असतील तर संस्था धडधाकट मजूरच घेईल, पायाला जखम सडलेला, बडबडणारा माणूस बाहेरच राहील. मनपाचा पगारी माणूस निदान जाब द्यायला तरी जागेवर सापडते.

रात्रपाळी
दादा, खाटा मोजण्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण मी दुसऱ्या जिल्ह्यात चार वर्षं निवाऱ्यात काम केलंय म्हणून सांगते. स्टेशनवरची एक आजी आत यायला तीन आठवडे लागले, कारण तिला तिचं बोचकं आणि कुत्रं सोडायचं नव्हतं, मी रोज रात्री तिच्याजवळ बसून चहा पीत होते, हे ड्युटी संपली की घरी जाणाऱ्याकडून होत नाही. आणि आमची बिलं आठ आठ महिने अडकायची, किराणावाला उधार द्यायचा म्हणून चूल पेटायची, पैसे वेळेवर नसतील तर ही कसली भागीदारी? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे, रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी दवाखान्यात नेणं ही ठाणेदाराची जबाबदारी. आम्ही मात्र कायद्याची झेरॉक्स घेऊन ठाण्यात उभे.

कॉटन मार्केट
तुम्ही सगळे छान बोलता, माझ्या दुकानाच्या पायरीवर रोज सकाळी घाण असते ती कोण साफ करते? मार्च २०२३ मध्ये सी-२० च्या, म्हणजे जी-२० मधल्या सामाजिक संस्थांच्या बैठकीच्या, आधी पोलिसांनी जमावबंदीचं कलम १४४ लावून चौकातले भिकारी हटवले तेव्हा शहर कसं मोकळं दिसत होतं. तसंच कायम करा.

बर्डीकर
काका, तुमचा त्रास खरा आहे, पण हटवले म्हणजे गेले कुठं? एका चौकातून दुसऱ्या चौकात. पायरीवर झोपणाऱ्याला मे महिन्यात ४५ डिग्रीत दिवसाही सावली पाहिजे, निवारा सकाळी रिकामा केला तर तो परत तुमच्याच पायरीवर येणार. रात्री घाण होते कारण जवळ उघडं शौचालय नाही, ते मागायला तुम्ही व्यापारी आमच्यासोबत आलात तर मनपाला ऐकावंच लागेल.

कॉटन मार्केट
शौचालयासाठी येतो. बाकीचं नंतर बोलू.

इतवारीचा
ताई, तुमचं वाचून थोडा नरमलो, चहाचं काम संस्थेनंच करावं, मान्य. पण रजिस्टर मनपाकडेच राहिलं पाहिजे आणि खाटेऐवजी असं मोजा की किती जणांना रेशनकार्ड मिळालं, किती घरी पोचले, किती सहा महिन्यांनी परत फुटपाथवर सापडले.

रात्रपाळी
हाव. फक्त रजिस्टरमधली नावं आजीला विचारून लिहा, पोलिसांना दाखवायची यादी म्हणून नाही, नाहीतर ती परत येणार नाही.